दाजींना ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) मीटिंगला जायचंय. नाशिकमध्ये चालू गट कसा शोधायचा?

सातपूरकर:
दाजी 44 वर्षांचे, अंबड एमआयडीसीत पाळीचं काम. रोज क्वार्टर, सुट्टीला हाफ. आता स्वतःच म्हणतात, मीटिंगला जाऊन बघतो. नेटवर पत्ते दिसतात, पण त्यातले चालू कोणते? फी, नावनोंदणी काही असते का? कंपनीत कळेल का? ताईने सोबत जावं का?

रविवार_कारंजा:
पत्ता बघून थेट निघू नका. बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात. दिवाळी-मेची सुट्टी लागली, शाळेत मतदान केंद्र आलं की जागा बदलते आणि नेटवरची यादी जुनीच राहते. ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवरून हेल्पलाइनचा नंबर घ्या आणि फोन करा. फोन दाजींनीच करावा. पलीकडे बहुधा दारू सोडलेलाच माणूस असतो आणि त्याला बोलायचं असतं ते पिणाऱ्याशी.

फोनवर विचारायचं: या आठवड्यात मीटिंग नक्की आहे का, वार-वेळ काय, मराठीत चालते की हिंदीत, ओपन आहे (घरचेही बसू शकतात) की क्लोज्ड (फक्त दारू सोडायची असलेल्यांसाठी), आणि जवळची खूण काय. पाटी छोटी असते, कधी नसतेही. 'गेटवर कोणी भेटेल का?' हेही विचारा. पहिल्या दिवशी माणसं हॉलच्या दारातून परत फिरतात ती याच कारणाने.

फी नाही, फॉर्म नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात दहा-वीस टाका किंवा नुसती पुढे द्या. पहिलं नाव सांगितलं तरी पुरे. मीटिंग तास-दीड तासाची. सुरुवातीला वाचन, मग एकेक जण शेअरिंग करतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं. प्रार्थना असते, पण कुठल्या एका धर्माची नाही.

कंपनीतलं कोणी भेटेल ही भीती असेल तर अंबड-सातपूर सोडून नाशिकरोड किंवा पंचवटीकडचा गट धरा. तसंही समोरचा त्याच कारणासाठी आलेला असतो. एचआरला सर्टिफिकेट लागत असेल तर ते इथे मागू नका, ए.ए. हजेरी ठेवत नाही. त्यासाठी दवाखान्याचा केसपेपरच लागेल.

औषधांची_चिठ्ठी:
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी एक काम आहे. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, हाफमध्ये सव्वाशेच्या आसपास. रोज एवढं घेणाऱ्याने 'उद्या मीटिंग, म्हणून आजपासून बंद' असं करू नये. 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास आणि भ्रम झाले तर ते जिवावर बेततं. पूर्वी कधी फिट आली असेल तर घरी प्रयोग नकोच.

त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये किंवा कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला आधी दाखवा. रोज किती आणि शेवटची कधी घेतली, हे खरं सांगा. गोळ्या, व्हिटॅमिन बी-1 चं इंजेक्शन, भरती करायची की नाही, हे ते ठरवतील. मीटिंग उपचारासोबत चालू शकते, पण उपचाराची जागा घेत नाही.

आणि 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' या जाहिरातींना भुलून चहात-भाजीत काही मिसळू नका. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी) असेल आणि वर दारू गेली, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ही गोळी डॉक्टरांनी, पेशंटला सांगूनच द्यायची असते.



जेलरोड_संध्याकाळ:
ताईंसाठी अल-अनॉन वेगळं आहे, ते पिणाऱ्याच्या घरच्यांचं. दाजी गेले नाहीत तरी ताई जाऊ शकतात. ए.ए.च्या ओपन मीटिंगला ताई सोबत बसू शकतात, क्लोज्डला नाही. दारापर्यंत सोडायला हरकत नाही, पण घरी आल्यावर 'काय बोललात?' ही उलटतपासणी नको. बाटल्या मोजणं, तोंडाचा वास घेणं, कंपनीत 'ताप आलाय' म्हणून फोन करणं, यातलं काय थांबवायचं ते अल-अनॉनमध्ये हळूहळू उमगतं.

सातपूरकर:
आभार. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळची मीटिंग बुडणार, त्याचं काय? आणि एखाद्या दिवशी पिऊनच गेले तर?

रविवार_कारंजा:
त्या आठवड्यात सकाळची किंवा ऑनलाइन मीटिंग धरायची, फोनवर तेही विचारून ठेवा. एका गटात मन लागलं नाही तर दुसरा बघा. निदान पाच-सहा मीटिंगांआधी 'आपल्याला जमत नाही' म्हणू नका. पिऊन आलेल्याला हाकलत नाहीत; बहुतेक ठिकाणी त्या दिवशी फक्त ऐकायला बसवतात. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. पहिल्याच दिवशी दोघा-तिघांचे नंबर घेऊन ठेवा. पगाराच्या संध्याकाळी गेटबाहेर पडताना लावायला ते लागतात.

औषधांची_चिठ्ठी:
नंबरवरून आठवलं: सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन 14446, टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416. दोन्ही मोफत. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागले तर हे नंबर नाही, थेट 108.