पुण्यात रूमवर शाळूची भाकरी करायची आहे: इंडक्शन, तवा, पीठ आणि घरमालक, मदत हवी आहे

माणकाठचा:

नमस्कार मंडळी,

मी मंगळवेढ्याजवळच्या एका गावचा. डिप्लोमा सोलापुरात झाला आणि यंदा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळाला. नऱ्ह्यात कॉट बेसिसवर राहतो. खोलीत तिघं आहोत: मी, माझ्याच वर्गातला जालन्याचा मित्र आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे धुळ्याचे एक दादा.

अडचण जेवणाची आहे. दोन वेळच्या मेसचे महिन्याला ३,२०० रुपये जातात. मेसवाले माणूस म्हणून चांगले आहेत, पण वेळा जुळत नाहीत. कॉलेजची दुपारची सुट्टी पाऊण तासाची. तेवढ्यात मेसपर्यंत चालत जायचं, रांगेत थांबायचं, जेवून परत यायचं म्हणजे पुढचं लेक्चर बुडतं. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात आणि मेस उघडते आठला. मधल्या वेळेत वडापाव नाहीतर मॅगी, त्याचे पैसे वेगळे. रविवारी दुपारी फिस्ट आणि रात्री मेस बंद. खाडा धरायचा तर सलग तीन दिवसांचा आणि तोही आधी सांगून, त्यामुळे एखाद्या वेळी जेवलो नाही तर ते पैसे गेलेच.

त्यात पोट बिघडलंय. रोज रात्री जळजळ होते, सकाळी उठवत नाही, पहिल्या तासाची हजेरी जाते. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "घरचं जेवण कुठे मिळतंय का बघ."

माझ्या घरचं जेवण म्हणजे शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी. आमच्याकडे काळी रानं. पाण्याची सोय नाही, पण परतीच्या पावसाच्या ओलीवर मालदांडी जातीची ज्वारी अशी येते की मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तीच ज्वारी वडील पोत्यांनी बाजारात घालतात आणि मी इथे रात्री अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन झोपतो, हे मनाला फार लागतं. आईला फोनवर सगळं बरं चाललंय असंच सांगतो. खरं सांगितलं तर ती दर आठवड्याला एसटीने डबा पाठवायला लागेल, आणि त्यासाठी वडिलांना हातातलं काम टाकून स्टँडवर यावं लागेल. ते नकोय मला.

म्हणून आम्ही दोघा मित्रांनी ठरवलंय, पुढच्या महिन्यापासून मेस बंद आणि रूमवरच करायचं. दादांचं अजून नक्की नाही.

आता मदत इथे हवी आहे. खोली घेतानाच घरमालक काकांनी सांगितलं होतं की गॅस चालणार नाही. इंडक्शनचा विषय तेव्हा निघाला नव्हता. विजेला सबमीटर आहे, युनिटला १० रुपये घेतात. त्यांना कसं विचारावं? दुसरं म्हणजे घरून आणलेला लोखंडी तवा खोलगट आहे, तो इंडक्शनवर नीट बसत नाही. कुठला तवा घ्यावा? आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: धायरीत मित्राच्या बहिणीकडे भाकरी करून बघितली. थापता येते, पण तव्यावर टाकताना मधोमध तुटते. पीठ दिवाळीत घरून आणलेलंच आहे, म्हणजे ज्वारीत खोट नाही. मग कुठे अडतंय?

भाकरी सोडून रोजचं काय करता येईल तेही सांगा. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी तासभर, एवढाच वेळ हातात असतो.

——

शेंगाचटणी:

बाळा, मी बार्शीची. आधी पिठाचं सांगते. दिवाळीतल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे, म्हणून भाकरी तुटते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतोच, जी काही विरी असते ती ताज्या पिठात. घरून पीठ आणूच नकोस, ज्वारी आण. आईकडून निवडून, ऊन दाखवून दहा-बारा किलो घे आणि इथे गिरणीतून दोन-दोन किलो दळून आणत जा. देताना विचारायचं, "ज्वारीवर ज्वारी दळणार ना?" गव्हाच्या मागोमाग घातली तर पिठात गहू मिसळून येतो.

आता करायचं कसं ते बघ. पाणी चांगलं उकळू दे. परातीत पिठाचं आळं करून त्यात ओत, उलथन्याने हलव आणि पाच मिनिटं झाकून ठेव. मग हाताला सोसेल तसं तळहाताच्या टाचेने रगड. मुलं इथेच घाई करतात. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडत नाहीत तोवर रगडायचं. थापताना खाली पीठ सढळ हाताने घे. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी तव्यावर टाक आणि लगेच तिच्यावरून पाण्याचा हात फिरव. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. सुकलं की चिरा पडल्याच. दुसरी बाजू नीट भाजून झाली की पुन्हा उलट आणि फडक्याने कडा दाबत फिरव, तव्यावरच फुगते. विस्तवावर सुटतो तसा पापुद्रा सुटायचा नाही, पण आत कच्ची राहत नाही.

भाकरी लहान थाप, छोट्या ताटलीएवढी. इंडक्शनचा ताव मधल्या गोलातच असतो, मोठी केलीस तर कडा पांढऱ्या राहतात.

जुनं पीठ टाकू नकोस. त्यात थोडी कणीक, थोडं बेसन, तिखट, लसूण, ओवा घाल आणि धपाटे कर. दुपारचा डबा धपाट्यांचा ने. गार झाले तरी छान लागतात आणि तुझी मेसची रांग वाचते.

——

वायरिंगवाला_चिंचवड:

मी इलेक्ट्रिकलची कामं घेतो, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो.

खोलीतला साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्यातून १,३८० वॉटच्या वर घेता येत नाही, आणि इंडक्शनवर लिहिलेलं असतं १,८०० नाहीतर २,०००. गीझर किंवा एसीसाठी १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट असेल तर तिथेच लावा. नसेल तर १,०००-१,२०० च्या वर न्यायचं नाही. एक्स्टेन्शन बोर्डवर तर अजिबात नको. कॉट बेसिसच्या खोल्यांत मी वितळलेले बोर्ड बघितले आहेत, त्याच बोर्डवर तीन मोबाईल चार्ज होत होते.

खर्च सोपा आहे. १,२०० वॉटवर एक तास म्हणजे सव्वा युनिटच्या आत. रोज दीड तास धरलंत तर महिन्याला साधारण ५४ युनिट, तुमच्या दराने ५४० रुपये. दोघांत वाटून घ्या.

तव्याला चुंबक लावून बघा. चिकटला आणि बूड सपाट असलं की चालतो. अ‍ॅल्युमिनियम, पितळ चालणार नाही. पातळ लोखंडी पत्रा तापून वाकतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सपाट तवा घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल, तिथे हातात वजन घेऊन बघता येतं. बीड तापायला वेळ घेतं, त्याला सुरुवातीला कमी तावावर ठेवा, एकदम पूर्ण नको.

——

मुक्काम_नऱ्हे:

इंडक्शनच्या भानगडीत कशाला पडतोस? पाच किलोचा छोटू सिलिंडर घे. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. आम्ही तोच वापरतो आणि भाकरी विस्तवावर मस्त फुगते.

——

औशाचा_अभियंता:

छोटू सिलिंडर कायदेशीर आहे हे बरोबर, पण मालकाने गॅसला स्पष्ट नाही म्हटलंय. लपवून ठेवला आणि त्यांना कळलं तर परीक्षेच्या तोंडावर खोली शोधत फिरावं लागेल, डिपॉझिटवरून वाद होईल तो वेगळाच. शिवाय तीन कॉटच्या मध्ये, बंद खिडकीच्या खोलीत गॅस मलाही पटत नाही.

काकांशी सरळ बोल. मी नऱ्ह्यातच चार वर्षं काढली. मालकाला तीन गोष्टींची धास्ती असते: वायरिंग, झुरळं आणि बाकीच्या पोरांची गर्दी. त्या तिन्हींवर आपणच आधी बोलायचं. "काका, सबमीटरवर जे येईल ते देऊ, १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावू, ओला कचरा रोज खाली नेऊ आणि जेवणारे आम्ही खोलीतलेच." संध्याकाळी ते निवांत असताना जा, दोघं मिळून जा. आणि तुझं पोट बिघडलंय हेही सांग, ते काही खोटं नाही.

आता न विचारलेलं एक सांगतो. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालाय ना? वडील अल्पभूधारक असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, भरलास का? शिक्षण शुल्काची सवलत वेगळी आणि हा राहण्या-जेवणाचा भत्ता वेगळा. आमच्या वर्गात बऱ्याच जणांना हे दोन्ही एकच वाटायचं, त्यामुळे भत्ता राहून जायचा. खाजगी खोलीत राहत असशील तर भाडेकराराचा कागद मागतात. काकांकडे जाशील तेव्हा तोही विषय काढ. कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर मुदत विचारून घे, पोर्टल बंद झालं की कोणाचं काही चालत नाही.

आणि येसर! सोलापूरकडचा आहेस आणि येसर आणला नाहीस? आईला सांग किलोभर करून दे म्हणून. धान्यं आणि मसाले भाजून दळलेले असतात, शिजवत बसावं लागत नाही. लसणाची फोडणी, पाणी, दोन चमचे येसर कालवून ओतायचा, उकळी आली की आमटी तयार. भाकरी कुस्करून खा. परीक्षेच्या काळात आम्ही त्यावरच जगलो.

——

कर्वेनगर_तिसरा_मजला:

मी मुलींच्या हॉस्टेलवर राहते. आमच्याकडे कुठलंच विजेचं उपकरण चालत नाही, त्यामुळे न शिजवता काय खाता येतं ते मला विचारा. मोडाची मटकी, कांदा, कच्चं शेंगदाणा तेल आणि कारळ्याची चटणी. दह्यात कालवलेलं मेतकूट. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, हा तुमच्याकडच्याच ज्वारीचा होतो. साडेपाच ते आठ या वेळेसाठी डब्यात यातलं काहीतरी बॅगेत ठेवा, वडापावचे पैसे आणि पोट दोन्ही वाचेल.

माणकाठचा, एक विनंती. आईला सांगा. माझ्या आईला मी वर्षभर काही सांगितलं नव्हतं. मी घरी गेले तेव्हा मनगट हातात धरून तिने ओळखलं आणि न सांगितल्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

——

माणकाठचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काकांना भेटलो. औशाच्या दादांनी सांगितलं तसंच बोललो. त्यांनी आधी वायरिंगचंच विचारलं! गीझरचा सॉकेट गॅलरीच्या भिंतीवर आहे, तिथे कट्ट्यावर इंडक्शन ठेवायला परवानगी दिली. फक्त रात्री दहानंतर नको म्हणाले. भाडेकराराचा कागदही देतो म्हणाले, पण ऑनलाइन नोंदणीचा खर्च आम्ही करायचा. भत्त्याचा अर्ज मी भरलाच नव्हता, शुल्काचाच भरला होता. सोमवारी खिडकीवर जातो.

आईलाही सांगितलं. आधी गप्प झाली, मग म्हणाली, "पीठ नेलंस तेव्हाच मी म्हणणार होते, ज्वारी ने." शेंगाचटणी काकू, तुमचं आणि तिचं शब्दाला शब्द जुळलं. गावचे एकजण गाडी घेऊन मार्केट यार्डला येतात, त्यांच्याकडे ज्वारी, येसर आणि हुलग्याचं पीठ देणार आहे. वडिलांना स्टँडवर यायला नको.

बोहरी आळीतून बिडाचा तवा आणला, चुंबक घेऊनच गेलो होतो. ताजी ज्वारी येईपर्यंत इथल्या गिरणीतून किलोभर पीठ आणून भाकरी केली. उकड काढल्यावर तुटली नाही. पण वरचा थर फुगतो आणि खालची बाजू तव्याला धरते. हे कशामुळे?

आणि दादा म्हणताहेत, मलाही तुमच्यात घ्या, पण त्यांचं जेवण एकच वेळ, तेही अवेळी. खर्च कसा वाटावा?

——

शेंगाचटणी:

तवा नवा आहे म्हणून धरतो. बिडाचा तवा आधी तेलात मुरवावा लागतो. घासून धू, तापव, तेलाचा हात फिरव, गार होऊ दे. असं चार-पाच वेळा कर. त्यावर कांद्याची फोड तेलात बुडवून घासलीस तर आणखी चांगलं. साबणाने रोज घासू नकोस, पुसून ठेव. आणि पहिली भाकरी टाकण्याआधी पाण्याचा थेंब टाकून बघ. तडतडून उडाला तर टाक, नुसता वाफाळत बसला तर अजून थांब.

——

औशाचा_अभियंता:

आमच्यात वही होती. किराणा आणि वीज जेवलेल्या वेळांवर वाटायची. महिन्याच्या शेवटी एकूण खर्चाला सगळ्यांच्या एकूण वेळांनी भागायचं, ज्याच्या जितक्या वेळा तितके त्याचे पैसे. घरून आलेलं धान्य मात्र बाजारभावाने वहीत लिही, संकोच करू नकोस, ते तुझ्या वडिलांच्या कष्टाचं आहे. जो स्वयंपाक करेल त्याने भांडी घासायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दादा अवेळी जेवतात तर त्यांच्या भाकऱ्या झाकून ठेवा आणि परात-तवा साफ करायचं काम त्यांच्याकडे द्या.