खोटंखोटं खेळायला खरंखरं शिवलेलं : तुमचे अनुभव सांगा

माझी लेक साडेचार वर्षांची. गेल्या वर्षी शाळेत 'आपले मदतनीस' असा काहीतरी दिवस होता आणि मी हौसेने डॉक्टरचा पांढरा कोट शिवला, कॉलर, दोन खिसे, पाठीला प्लेट, सगळं अगदी साग्रसंगीत, तीन रात्री गेल्या. बाईसाहेबांनी तो घातला फोटोपुरता. घरी येऊन म्हणे मला डॉक्टर नाही व्हायचं, मला कंडक्टर व्हायचंय. आम्ही इंदिरानगरहून आईकडे नाशिकरोडला सिटीलिंकच्या बसने जातो ना, तर तिचं अख्खं लक्ष कंडक्टरकाकांच्या बॅगेकडे असतं.

मग नवऱ्याच्या फाटक्या जीन्सचा पाय कापून बॅग शिवली. पायाची नळी आयतीच, खालून एक शिलाई मारली की पिशवी तयार, आत मधोमध एक उभी टीप टाकली म्हणजे नोटांचा कप्पा वेगळा नि सुट्ट्यांचा वेगळा. वर झाकण आणि झाकणाला वेल्क्रो. मला वाटलं होतं बॅग आवडेल, पण तिला आवडला तो वेल्क्रोचा आवाज! चर्र उघड, बंद कर, चर्र उघड. दिवसातून शंभरदा. तिकिटं जुन्या कॅलेंडरच्या कागदाची. आजोबांनी तिला एसटीच्या सवलती शिकवल्यात, पंच्याहत्तरी ओलांडली की फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आता ती आजोबांकडून पैसे घेत नाही, मला अर्धं लावते आणि बाबाकडून मात्र डबल घेते, का ते विचारू नका.

एक चूक झाली, पट्टा मोठ्या माणसाच्या मापाने कापला, बॅग गुडघ्याला आपटायची आणि एकदा पट्टा दाराच्या कडीत अडकून ती मागे ओढली गेली. तेव्हापासून पट्टा मधे कापून तिथेही वेल्क्रोच लावलाय, अडकला तर सुटतो.

तर तुम्ही काय काय शिवलंत, कुठे फसलं आणि मुख्य म्हणजे पोरांनी त्याचं पुढे काय केलं ते लिहा. विकत कुठे मिळतं त्या लिंका नकोत, त्या ढिगाने आहेत.

*

पंचवटीची आजी

मुली, छान केलंस. माझी नात सहा वर्षांची, ती भाजीवाली होते. आम्ही दर बुधवारी गोदाघाटावर बाजाराला जातो, तिथे एक बाई तिला दरवेळी एक गाजर हातात देते, त्याचा हा परिणाम.

मी तिला टोपलीभर भाजी शिवून दिली. टोमॅटो सगळ्यात सोपा. लाल सुती कापडाचा ताटलीएवढा गोल कापायचा, काठाने धावदोरा घालायचा, मधे जुन्या उशीतला फायबर भरायचा आणि दोरा ओढायचा, की झाला गोळा. तोंड बंद करून वर हिरव्या फेल्टची (दाबून केलेलं जाडसर कापड) पाच पाकळ्यांची चांदणी टाचायची. तोच गोल जांभळा घेतला आणि जरा लांबट भरला की वांगं. मी पहिल्यांदा घरातला सरकीचा कापूस भरला होता, तो धुतल्यावर आत गोळे गोळे झाले आणि दोन दिवस वाळेना, वास यायला लागला, मग सगळं उसवून परत भरलं.

फसलं ते द्राक्षांच्या घडात. आपल्याकडे द्राक्षं नाहीत तर कोणाकडे, म्हणून मोठ्या हौसेने हिरवे मणी ओवून घड केला. धाकटा नातू दीड वर्षाचा, त्याने दुसऱ्याच दिवशी एक मणी उपटून तोंडात घातला. सुनेने बोट घालून काढला. माझे हातपाय गार पडले होते हो. घड त्याच दिवशी कात्रीने कापून टाकला. आता द्राक्षं म्हणजे कापडाचे लिंबाएवढे गोळे एकमेकांना शिवलेले, दिसतात पेरूसारखे पण चालतात.

पण नातीला सगळ्यात काय आवडलं सांगू? भाजी नाही, टोपली नाही. चुंबळ! डोक्यावर टोपलीखाली ठेवतात ते कापडाचं कडं, माझ्या जुन्या नऊवारीच्या काठाचं केलं. ती डोक्यावर ठेवली की चालच बदलते तिची, मान ताठ, एक हात वर आणि "ताजी मेथीऽऽ". टोपली रिकामी असली तरी चालते तिला, चुंबळ हवी.

*

सातपूरचा बाबा

धाग्यावर बाप एकटाच दिसतोय. लिहू का नको विचार करत होतो.

मी कंपनीत सेकंड शिफ्टला असतो. पोरगा साडेतीनचा, त्याला माझ्यासारखं "ड्यूटीला" जायचं असतं. माझं जुनं रिफ्लेक्टर जॅकेट होतं, ते आईच्या पायमशीनवर कापून लहान केलं. शिवण म्हणजे काय ते मला आर्मीतल्या मामाने बटण लावायला शिकवलं तेवढंच माहीत. चमकणाऱ्या पट्टीवर १४ नंबरची सुई घातली, कट्कन मोडली. दुसरी पण मोडली. आई म्हणाली १६ ची घाल आणि पायडल हळू मार, कंपनीची मशीन नाहीये ती. मग जमलं. खांदे वरखाली झालेत जरा, पोराला काही फरक पडत नाही.

वहिनीने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, "आमचे दादा टेलर झाले". झाले तर झाले. मी रात्री साडेबाराला येतो, पोरगा झोपलेला असतो जॅकेट घालूनच. उशाला डबा. खोटा डबा, त्यात खरी पोळी ठेवलेली असते माझ्यासाठी. कडक झालेली असते पण खातो मी.

*

गंगापूर रोडवरून

सातपूरचे दादा, रडवलंत.

मी फेल्टवाली. फेल्टचे काठ सुटत नाहीत, दुमडून तुरपाई करायची कटकट नाही, म्हणून सुरुवातीला बरं पडतं. व्हिडिओ बघून पिझ्झा, डोनट, बर्गर सगळं केलं आणि माझ्या मुलाने (वय ४) ते सगळं ताटात वाढून विचारलं, मिसळ कुठाय? नाशिकचं पोर शेवटी!

तर मिसळ केली. वाटीच्या आकाराचा लाल फेल्ट म्हणजे तर्री, त्यावर मटकीचे तपकिरी ठिपके भरतकामाच्या गाठींनी, वर पिवळ्या लोकरीची शेव, बारीक हिरवे तुकडे कोथिंबीर, लिंबाची फोड. दोन पाव स्पंजचे, वरून फिकट ब्राऊन कापड. दिसायला इतकी भारी झाली की मीच फोटो काढत बसले. चार दिवसांत लोकरीची शेव उपटून झाली, सोफ्याखाली सापडते अजून. पाव मात्र टिकलेत, कारण ते बुडवता येतात. आता तर्री वाटीला चिकटवलेली नाही, सुटी आहे, पाव खाली घालून वर काढायचा, हाच खेळ.

दोन गोष्टी शिकले त्या सांगते. स्वस्त फेल्ट पॉलिस्टरचा असतो, त्यावर गरम इस्त्री फिरवलीत की वितळून इस्त्रीला चिकटतो, आणि धुऊन धुऊन त्यावर गोळे येतात. लोकरीचा घेतला तर गरम पाण्यात आकसतो. म्हणजे दोन्हीकडून आपलीच बोंब. मी आता पॉलिस्टरचाच घेते, गार पाण्यात हाताने चुबकते आणि इस्त्रीच्या नादाला लागत नाही.

*

मेन रोडच्या मागे दुकान आहे, नाव नको

माझे वडील शिंपी, मीही तेच करते. गॅदरिंगच्या सीझनला माझ्याकडे केप शिवायला लाईन लागते, सुपरहिरो, राजा, परी. आया सांगतात ताई गळ्याला छान नाडी लावा, गोंडे लावा. मी नाही लावत. भांडण झालं तरी नाही. केप मागे ओढायचीच वस्तू आहे, पोरं एकमेकांची ओढणारच, आणि गळ्यात नाडीची गाठ असेल तर ती सुटत नाही, आवळते. मी गळ्याला वेल्क्रोचा इंचभर तुकडा लावते, ओढली की हातात येते केप. वरच्या ताईंनी पट्ट्याला केलं ते बरोबर केलं.

मुकुटाचं पण सांगते. नुसतं बकरम (कडक अस्तराचं कापड) घालून केलेला मुकुट घामाने मऊ पडतो. बकरम दोन पदरी घ्या, मागच्या बाजूला चार बोटं इलास्टिक. चार-पाच वर्षांच्या मुलाचं डोकं ५० सेंटीमीटरच्या आसपास भरतं, पण मापून घ्या, अंदाजाने शिवू नका, डोकी फसवतात.

आणि जरीचं कापड थेट अंगाला लावू नका हो, आतून सुती अस्तर घाला. पैठणीच्या तुकड्याचे सुंदर सुंदर फ्रॉक येतात माझ्याकडे नंतर अस्तर लावायला, पोरीची मान लाल झालेली असते.

*

अंगणवाडीतून, पेठच्या बाजूला

तुमचं सगळ्यांचं वाचून मजा वाटली. मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

आमच्याकडे फेल्ट नाही, वेल्क्रो नाही. मी एकदा रजेत बसून पोलीस, नर्स, पोस्टमन अशा तीन टोप्या शिवल्या. मुलं रांगेत उभी राहिली, घातल्या, काढल्या, पुढे काय करायचं त्यांना कळेना. पोलीस झालेला नुसता उभा! नंतर माझ्या तीन जुन्या ओढण्या कोपऱ्यात पडल्या होत्या, नुसत्या काठ दुमडलेल्या, त्या घेतल्या त्यांनी. एकीची नदी झाली. एक कमरेला बांधून शेपूट. तिसऱ्या ओढणीत विटेचा तुकडा गुंडाळून बाळ, ते बाळ आजारी पडलं, त्याला घेऊन दवाखान्यात गेले, वाटेत नदी लागली.

आमच्या भागात बोहाडा होतो, देवांचे नि राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं निघतात, ते मुलांनी बघितलेलं असतं. त्यामुळे सोंग कसं आणायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. ओढणीला दोन भोकं पाडली की झाला मुखवटा (भोकं त्यांनीच पाडली, मला न विचारता).

म्हणून मी आता टोपी वगैरे शिवत नाही. मीटर मीटरचे तुकडे, चार रंगांचे, काठाला साधी टीप. एवढंच.

*

गंगापूर रोडवरून

ताई, राग कसला. पण मिसळ ओढणीची नाही ना होत 😄

*

अंगणवाडीतून

होते. लाल ओढणी चुरगळून परातीत ठेवायची.

*

नाशिकरोडहून, आता बंद केलंय

मी हे विकायचा प्रयत्न केला होता म्हणून लिहिते. डॉक्टर सेट करायचे, कापडी स्टेथोस्कोप, इंजेक्शन, पट्ट्या, आणि सगळं ठेवायची घडीची पिशवी. एका सेटला सहा तास जायचे. सामान धरून साडेसहाशे सांगितले की समोरची म्हणणार, ऑनलाईन दोनशेत मिळतं की प्लास्टिकचं. मिळतं ना, घ्या मग.

त्यात मला कोणीतरी सांगितलं की खेळणी विकायची तर आयएसआय मार्क लागतो. खरंच आहे ते, १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना सक्तीचा केलाय. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे. ज्यांना विकायचंय त्यांनी ते आधी बघून घ्या, घरच्या पोरांसाठी शिवताना काही प्रश्न नाही.

मी बंद केलं ते मात्र कंटाळून. उरलेला एक सेट बहिणीच्या मुलाला दिला. तो पाच वर्षांचा, मागच्या पावसाळ्यात झोक्यावरून पडून हात मोडला, तीन आठवडे प्लॅस्टर. प्लॅस्टर कापायच्या मशीनच्या आवाजाला इतका घाबरला होता की दवाखाना म्हटलं की ओरडायचा. मग बहिणीने त्याच्या कापडी अस्वलाला पट्टी गुंडाळून दिली. त्याने ती पट्टी रोज काढली, रोज बांधली. काढताना तोंडाने घर्रर्र आवाज करायचा आणि अस्वलाला सांगायचा, रडू नको, गुदगुल्या होतात फक्त. त्या सेटमधलं बाकी काहीच त्याने वापरलं नाही, स्टेथोस्कोप तर बहिणीने शेवटी पडद्याला बांधायला घेतला. पट्टी म्हणजे काय, पांढऱ्या मांजरपाटाची दीड हात लांब चिंधी आणि टोकाला वेल्क्रो. सहा तासांतलं पाच मिनिटांचं काम.

*

सिडको, दोन मुलं

घाईत लिहितेय. बाहुलीसाठी गोधडी शिवा, कोणीच लिहिलं नाही. चिंध्यांचे चौकोन, दोन पदर, वरून धावदोरा. माझ्या आठ वर्षांच्या मुलाने स्वतः घातलाय धावदोरा, वाकडातिकडा, बाहुली बहिणीची आहे आणि गोधडीवरून दोघांची रोज मारामारी. सुई मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची द्या, आणि काम झालं की सुया मोजून डबीत. एकदा एक कमी भरली होती, अर्धं घर झाडलं, शेवटी माझ्याच ओढणीला टोचलेली होती.

*

इंदिरानगर (धागा मीच काढलाय)

सगळ्यांना धन्यवाद, दोन दिवस वाचतेय. अंगणवाडीच्या ताई, तुमचं वाचून डॉक्टरचा कोट उसवला, त्याचे चांगले मोठे तुकडे निघाले, काठ दुमडतेय.

पंचवटीच्या आजी, एक गडबड झालीये. तुमचं लिहिलेलं मी लेकीला वाचून दाखवलं. आता तिला बसमध्ये भाजीवाली चढवायचीये आणि टोपलीचं लगेजचं वेगळं तिकीट फाडायचंय. भाजीवाली मी. टोपली आहे घरात, पण चुंबळ कशी करायची ते सांगा ना, माप द्या.

*

पंचवटीची आजी

अगं सोपी आहे. जुन्या सुती साडीचा तुकडा घट्ट गुंडाळायचा, मनगटाएवढी जाड वळकटी, साधारण एक वीत आणि चार बोटं लांब. दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून जाड दोऱ्याने पक्की शिवायची, कडं होतं. मग दोन इंची काठाची पट्टी, पावणेदोन मीटर तरी घे, ती कड्याभोवती तिरकी गुंडाळत जायचं, अर्धी पट्टी आधीच्या पट्टीवर चढली पाहिजे, नाहीतर आतली चिंधी दिसते. शेवट आतल्या बाजूला खोचून चार टाके.

हे झालं लेकीच्या डोक्याचं माप. भाजीवाली तू आहेस ना, मग तुझी वेगळी कर, जरा मोठी. आणि लेकीचीही करून ठेव, दोन स्टॉप गेले की ती म्हणणार आता मी भाजीवाली, तू कंडक्टर.