लव्हाळा आणि हरळी: खणायचं, झाकायचं की फवारायचं?

काळीमाती: भाजीच्या वाफ्यातला लव्हाळा खणून जात नाही, उलट वाढतो, असं माझं ठाम मत झालंय. मागच्या हंगामात रोटाव्हेटर फिरवला. जमीन लोण्यासारखी मऊ झाली, पण आधी दोन-चार पुंजक्यांत असलेला लव्हाळा तीन आठवड्यांत सगळ्या वाफ्यात दिसू लागला. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. तुटली की एकेक गाठ स्वतंत्र फुटते. हरळीच्या काश्यांचंही, म्हणजे जमिनीखाली पसरणाऱ्या खोडांचंही तेच, पेऱ्यापेऱ्याला डोळा. म्हणून यंदा लागवडीआधी एकदा ग्लायफोसेट हे तणनाशक मारणार आहे. ते आंतरप्रवाही आहे, पानातून खाली उतरतं. खुरपं तिथवर पोचत नाही.

खुरपं: रोटाव्हेटरचं पाप खुरप्याच्या माथी मारू नका. यंत्राने तुकडे केले आणि तुकडे जमिनीतच ठेवले. हाताने काढणं म्हणजे वापसा असताना, माती ना चिखल ना कोरडी अशी असताना, काट्याने माती सैल करायची, काशी न तोडता ओढत न्यायची आणि वेचून वाफ्याबाहेर टाकायची. लव्हाळ्याला पाच-सहा पानं आली की तो नव्या गाठी धरू लागतो, त्याआधी उपटा. गाठ पुन्हा फुटेल, पुन्हा उपटा. प्रत्येक कोंबाला ती स्वतःच्या साठ्यातलंच खर्च करते. मला दोन हंगाम लागले. त्यात एकही पंधरवडा चुकवला नाही, आणि आता त्या वाफ्यात मेथी निवांत येते.

काळीमाती: पंधरवडा न चुकवणं किती जणांना जमेल? एक आजारपण, एक लांबलेला पाऊस, की सगळं मुसळ केरात.

पालापाचोळा: मी दोघांच्याही विरोधात. झाकून टाका. हे दोन्ही उन्हाचे भुकेले, सावलीत हरतात. हरळीवर मी पुठ्ठ्याचे जाड थर, वर वीतभर पाला घालून पूर्ण हंगाम ठेवला. काश्या पिवळ्या पडून कुजल्या. कडेने मात्र सारखी आत शिरू पाहते, तिथे चर ठेवावा लागतो.

खुरपं: हरळीचं मान्य. पण लव्हाळा काळं प्लास्टिकसुद्धा भोसकून वर येतो, पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलात?

पालापाचोळा: काळं भोसकतो, कारण अंधारात कोंबाचं टोक सुईसारखं मिटलेलं राहतं. पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाखाली उजेड मिळतो, पान तिथेच उघडतं आणि टोचायची ताकद जाते. कडक उन्हात तो कागद ओल्या मातीवर घट्ट ताणून चार-सहा आठवडे ठेवला तर वरच्या थरातल्या बऱ्याच गाठी उष्णतेने मरतात. खोलवरच्या वाचतात, हेही सांगतो.

शेवगा: फवारणीबद्दल दोन शब्द. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. इतर नियामक संस्थांचं मत वेगळं आहे, वाद मिटलेला नाही. पण घरची मुलं ज्या वाफ्यातली काकडी तोडून उभ्या उभ्या खातात, तिथे मला हा वाद चालूच ठेवायचा नाही. शिवाय ते निवडक नाही. वाऱ्याने शेजारच्या टोमॅटोवर गेलं की टोमॅटो गेला.

काळीमाती: म्हणूनच मोकळ्या वाफ्यात, वारा पडलेला असताना मारणार, उभ्या पिकात नाही. आणि गढूळ पाण्यात कालवणार नाही. मातीचे कण ते धरून ठेवतात, औषध वाया जातं. मुलांचा मुद्दा मात्र मनाला लागला, तो टाळता येत नाही. ज्या वाफ्यात मुलं वावरतात तो फवारणीतून वगळतो. तिथे पारदर्शक कागद घालून बघेन, आणि त्यातून वाचलेल्या गाठींसाठी खुरपं हातात घेईन. मागच्या टोकाच्या वाफ्याबद्दल मत बदललेलं नाही.

खुरपं: एवढं केलंत तरी खूप. वेचलेल्या काश्या आणि गाठी ओल्या खताच्या खड्ड्यात टाकू नका, खतातून परत वाफ्यात येतील. फरशीवर पसरून कडकडीत वाळवा. काशी वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे.