ध्येय एकाचं, झळ घरादाराला: याला अर्थपूर्ण जगणं म्हणायचं का?

चष्मिष्ट
"नुसतं पोटासाठी जगू नका, आयुष्याला अर्थ द्या" असं कुणी सांगू लागलं की मी विचारतो, आणि घर कोण चालवणार? ज्या जगण्याचा भार दुसऱ्याला न विचारता त्याच्या माथी मारलाय, त्याचं कौतुक जरा हात राखून करावं, असं माझं मत.

किरकोळ माणसाला झोडपल्याचा आरोप नको म्हणून उदाहरण मोठंच घेतो: धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं. गावाने, मुरूडकरांनी, वाळीत टाकलं. ते त्यांनी स्वतः ओढवून घेतलेलं होतं. (झळ आईलाही लागली बरं का, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.) १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि हिंगण्याला पायी ये-जा करायचे. शिल्लक संस्थेला, विम्याची पॉलिसीही संस्थेला. घरात काय ओढाताण झाली ते कळतं, कारण त्यांच्या पत्नीने, बाया कर्वे यांनी (याच गोदूबाई), 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहून ठेवलं. नाहीतर आपण पुतळ्याला हार घालून मोकळे.

गणिती
साफ असहमत. बायांना कुणी फरफटत नेलं असं वाटावं, असं लिहिलंय तुम्ही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली बाई होती ती. बालविधवेने पुन्हा लग्नाला उभं राहायचं म्हणजे काय, हे त्यांना अण्णांपेक्षा जास्त कळत असणार. पुढे संस्थेसाठी वर्गणी मागत त्याही हिंडल्या. त्यांना बिचारी करून टाकणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

आणि घरातल्या सगळ्यांचा होकार येईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर ना आश्रम निघाला असता ना १९१६ चं महिला विद्यापीठ. ज्या मुली तिथे शिकल्या त्यांचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडणार?

उंबरठा
मी पुतळ्यांबद्दल बोलत नाही, घरातलं सांगते. वडिलांनी आमच्या गावातल्या वाचनालयाला आयुष्य दिलं. रविवार तिथे, दिवाळीचा बोनसही तिथेच. आई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. प्रत्येक साडीला टाचणीने नावाची चिठ्ठी, कोपऱ्यात गठ्ठा, आमच्या फिया त्यातून. बाहेरच्या खोलीत वडिलांची मंडळी जमून जीवनाचा अर्थ वगैरेवर रंगली, की मशीनची खडखड नको म्हणून आई आत फॉल हाताने लावत बसायची. मधून उठून चहा. माणसं सज्जन होती हो सगळी, पण आत कोण बसलंय हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

गणिती
ताई, एक विचारतो, राग नको. आईंना त्या वाचनालयाचा अभिमान नव्हता?

उंबरठा
होता की. आजही आहे. गावात कुणी वडिलांचं नाव काढलं की पदर सावरून बसते. पण अभिमान नंतर वाटला म्हणजे आधी विचारलं होतं, असं होत नाही ना.

शांत_पाणी
हा वाद फार जुना आहे. न तपासलेलं आयुष्य जगण्याजोगं नाही म्हणणारा सॉक्रेटिस घ्या. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढे त्याने स्वतःच सांगितलं, की घरच्या गोष्टींकडे दुर्लक्ष केलं, दारिद्र्यात राहिलो. मुलगे तीन, त्यातले दोन लहान. मृत्युदंड झाल्यावर तुरुंगात क्रिटो हा मित्र पळून जाण्याची गळ घालायला आला, त्याने नेमकं हेच काढलं: पोरांना वाऱ्यावर सोडतोयस. सॉक्रेटिसचं उत्तर साधारण असं: मी थेसलीला पळालो तर तुम्ही मित्र त्यांना बघालच, मग मेल्यावर का नाही बघणार? उत्तर हुशार आहे, पण मला ते कधीच पटलं नाही. त्याच्या बायकोला, झांथिप्पेला, कुणी विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं कोण जाणे.

चष्मिष्ट
वा, क्रिटो लक्षातच नव्हता. बाकी पुढच्या पिढीचे कर्वे बघा. अण्णांचे चिरंजीव रघुनाथराव, त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक रेटलं; अश्लीलतेचे खटले, दंड, सगळं झालं. पण मूल नको हा निर्णय त्यांचा आणि पत्नी मालतीबाईंचा मिळून, आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. आधी दोघांत ठरलं, मग जगाशी भांडण. मला पटतं ते हे.

गणिती
म्हणजे मूल नसेल तरच ध्येय परवडतं? मग बाकीच्यांनी हप्ते फेडत बसायचं. अहो, कंपनीसाठी रात्री अकरापर्यंत लॅपटॉप उघडून बसणारा बाप तरी कुठे कुणाला विचारतो? त्याला कुणी स्वार्थी म्हणत नाही, कारण महिन्याला पगार जमा होतो. हिशेब फक्त आदर्शवाद्यांकडेच का मागायचा?

उंबरठा
हे मात्र खरं. दोघांकडेही मागू या.

कातळशिल्प
मी सगळं वाचतोय, कारण विषय माझाच आहे. बेचाळीस पूर्ण. नोकरी सोडून गावी, राजापूरकडे, जाऊन मुलांना शिकवायचा विचार चाललाय. गृहकर्ज निम्मं फिटलंय, मुलगी आठवीत.

उंबरठा
वहिनी काय म्हणतात?

कातळशिल्प
अजून विषय काढलेला नाही. म्हटलं, आधी इथली मतं घ्यावीत.