सिगरेट सोडून २३ दिवस झाले, पण घरी सांगायची हिंमत होत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ४१, चाकणला नोकरी. सतरा वर्षं सिगरेट ओढली, रोजच्या आठ-दहा. आज तेविसावा दिवस.

शरीराचा त्रास बराच उतरलाय. पहिले तीन दिवस वाईट गेले, डोकं जड, चिडचिड, रात्री दोनला टक्क जाग. डॉक्टरांनी निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगम दिलाय. आधी तो चॉकलेटसारखा चघळून वर चहा प्यायचो, तर घसा जळायचा आणि उपयोग काहीच नाही. तो थोडा चावून गालात दाबून ठेवायचा असतो, आणि चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं असतं. चहासुद्धा कमी केला. सिगरेट सुटल्यावर कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे तेवढ्याच चहाने धडधडायला लागतं आणि वाटतं तलफ आली.

खरी अडचण वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी घरी सांगून सोडली होती. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तिने कॅलेंडर लावलं आणि रोज रात्री लाल पेनाने एक फुली मारायची. चौथ्या महिन्यात वडील दवाखान्यात होते, तेव्हा रात्री अकराला बाहेरच्या टपरीवर एक ओढली. एकच. पण ती घरी सांगितली नाही, आणि लपवलेल्या त्या एकीमुळे दुसरी सोपी झाली. पुढे सहा आठवडे ती फुल्या मारत होती आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. मग एक दिवस माझ्या जॅकेटच्या खिशात तिला लायटर सापडला. ती एक शब्द बोलली नाही. कॅलेंडर काढून कपाटावर ठेवून दिलं.

म्हणून या वेळी कुणालाच सांगितलेलं नाही. पण त्याचं झालंय असं, की जेवण झाल्यावर मी अजूनही खाली जातो. पार्किंगमध्ये दहा मिनिटं लवंग चघळत उभा राहतो. वर आलो की बायको विचारते, "ओढून आलास?" आणि मी "हं" म्हणतो. दिवसातली सगळ्यात जोरदार तलफ मला तिथेच येते, त्याच खांबाजवळ. तीन-चार मिनिटांत ओसरते, पण तेवढा वेळ जीव नकोसा होतो. म्हणजे लपवायच्या नादात मी रोज स्वतःच्या पायाने तिथे जातोय.

१८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनवर बोललो. घरच्या एका माणसाला सोबत घ्या, आणि चुकून एक ओढली गेलीच तर सगळं संपलं असं मानू नका, असं त्यांनी सांगितलं. पटतं. तोंडातून शब्द मात्र निघत नाही.

एकदा विश्वास मोडल्यावर ज्यांनी पुन्हा सोडली, त्यांना विचारायचंय. घरी कधी सांगितलंत? महिना-दोन महिने थांबून, की लगेच? पुन्हा एखादी ओढली गेली तर त्याच रात्री मुलीला सांगावं का, की बारा वर्षांच्या पोरीवर ते ओझं होईल? आणि ते कॅलेंडर मी स्वतः खाली काढावं, की ती काढेपर्यंत वाट बघावी?

इच्छाशक्ती वाढवा, असं कृपया सांगू नका. तुम्ही त्या वेळी नेमकं काय बोललात, कोणत्या शब्दांत, ते लिहिलंत तर फार मदत होईल.