‘फॉल्स’ टाइप केले तरी पायथॉन ते ‘ट्रू’ का मानतो?

डिचोलीकर:
नमस्कार. डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी पायथॉनमध्ये एक लहानसा प्रोग्राम लिहीत आहे. ‘सदस्य आहात का?’ असे विचारायचे, सदस्य असल्यास पुस्तक घरी नेऊ द्यायचे आणि नसल्यास तेथेच बसून वाचायला सांगायचे, एवढेच त्याचे काम. उत्तर घेणारी ओळ अशी आहे (वाचायला सोपे जावे म्हणून येथे देवनागरीत लिहितो):

सदस्य = बूल(इनपुट("सदस्य आहात का? "))

ट्रू टाइप केले की पुस्तक मिळते, पण फॉल्स टाइप केले तरीही मिळते. शून्य टाइप केले तरी तेच. नुसते एंटर दाबले तरच नकार येतो. हे असे का होते?

फोंड्याहून:
इनपुटकडून येते ती नेहमी अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग. तुम्ही टाइप केलेले फॉल्स हे पायथॉनच्या दृष्टीने फॉल्स हे मूल्य नसून पाच इंग्रजी अक्षरे आहेत, आणि मिळालेल्या मूल्याचे ट्रू (खरे) किंवा फॉल्स (खोटे) करणारे बूल त्या अक्षरांचा अर्थ लावत नाही. स्ट्रिंग रिकामी आहे की नाही, एवढेच ते पाहते. रिकामी असेल तर फॉल्स, आत काहीही असेल तर ट्रू. म्हणूनच अवतरणचिन्हांतले शून्य ट्रू ठरते, शून्य ही संख्या मात्र फॉल्स ठरते. नुसती स्पेस दाबून एंटर केलेत तरी पुस्तक मिळेल, करून पाहा.

तेव्हा बूल काढून टाका आणि तुलना करा. तुलनेतून जे निघते ते मुळातच ट्रू किंवा फॉल्स असते:

उत्तर = इनपुट("सदस्य आहात का? ").स्ट्रिप()
सदस्य = उत्तर == "हो"

स्ट्रिपमुळे मागेपुढे चुकून पडलेल्या स्पेस निघून जातात.

डिचोलीकर:
आभारी आहे, आता ‘नाही’ला नकार मिळतो. परंतु आमच्याकडे निम्मे लोक ‘हय’ असेच टाइप करणार, म्हणून मी दुसरी ओळ सदस्य = उत्तर == "हो" ऑर "हय" अशी केली, तर आता पुन्हा सगळेच सदस्य झाले आहेत.

काणकोणची वाचक:
ही ओळ आपण वाचतो तशी पायथॉन वाचत नाही. ऑरपेक्षा तुलनेचा मान आधी, त्यामुळे तो प्रथम ‘उत्तर हो आहे का’ हे ठरवतो आणि ते खोटे निघाले की ऑरच्या उजवीकडे जे असेल तेच जसेच्या तसे उचलतो. उजवीकडे नुसते "हय" आहे, त्याची कशाशीही तुलना झालेली नाही. ‘नाही’ टाइप करून सदस्य प्रिंट करून पाहा, पडद्यावर फॉल्स न येता चक्क हय दिसेल. आणि ती रिकामी नसलेली स्ट्रिंग असल्यामुळे इफच्या लेखी ती ट्रूच. एक तर तुलना दोनदा लिहा, उत्तर == "हो" ऑर उत्तर == "हय", किंवा असे करा:

सदस्य = उत्तर इन ("हो", "होय", "हय")

मला दुसरा प्रकार अधिक आवडतो, कारण उद्या आणखी एखादा होकार सुचला तर तो कंसात घातला की झाले.

फोंड्याहून:
दुसरा प्रकार उत्तम, फक्त कंसात कधी एकच शब्द उरला तर त्यापुढे स्वल्पविराम ठेवायला विसरू नका. ("हो") म्हणजे टपल (अनेक मूल्यांचा कंसातला संच) नव्हे, साधी स्ट्रिंगच. मग इन तिच्यात तुकडा शोधू लागतो, आणि रिकामी स्ट्रिंग प्रत्येक स्ट्रिंगमध्ये सापडते. म्हणजे नुसते एंटर दाबणाराही सदस्य ठरेल.

तसेच पुढे इफ सदस्य == ट्रू असे लिहिण्याची गरज नाही, इफ सदस्य पुरे. पायथॉनमध्ये बूल हा प्रकार २००३ सालच्या २.३ आवृत्तीत आला. त्याआधी ही कामे १ आणि ० यांवरच चालत असत, आणि जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून बूलला पूर्णांकाचाच उपप्रकार केले. त्यामुळे आजही ट्रू + ट्रू यांचे उत्तर २ येते. हे विचित्र दिसते खरे, पण दिवसभरातल्या सर्वांची सदस्य ही मूल्ये एका यादीत ठेवलीत, तर सम या फंक्शनने त्या यादीची बेरीज करताच त्या दिवशी किती सदस्य येऊन गेले ते कळेल.