दिवाळीच्या आठवड्यात रोजच्या मालिकेची वेळ का मोडता? (नाशिककरांची चर्चा, टोपणनावांनी)

इंदिरानगरकर
गेल्या वर्षीची वसुबारस. आई ७९ वर्षांची, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. साडेसातच्या मालिकेवर तिची संध्याकाळ बेतलेली असते. आधी देवापाशी दिवा, मालिका संपली की जेवण आणि मग गोळ्या. त्या दिवशी सोऱ्या बाजूला ठेवून, पिठाचे हात पुसून ती टीव्हीसमोर बसली तर पुरस्कार सोहळा सुरू. मालिका कधी दाखवणार याची बारीक पट्टी खालून सरकत होती, ती तिला वाचता येईना. "आता लागेल" म्हणत दहापर्यंत बसून राहिली. रात्रीची गोळी राहिली ती राहिलीच.

विशेष कार्यक्रम जरूर करा. पण जो माणूस वर्षभर ठरल्या वेळी समोर बसतो, त्यालाच सणाच्या दिवशी उठवायचं, हे मला पटत नाही.

कॉलेज रोड
माझं काम जाहिरातींचं, म्हणून दुसरी बाजू मांडतो. दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत लोक सोनं, गाडी, फ्रीज, कपडे घेतात. कंपन्यांना जाहिरात त्याआधी आणि त्याच दिवसांत हवी असते; भाऊबीज झाली की मागणी उतरते. जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर ठरतो आणि तो टीआरपीवर, म्हणजे किती लोक बघतात त्या आकड्यावर हलतो. नियमाने तासाला १२ मिनिटांच्या वर जाहिराती दाखवता येत नाहीत, त्यातली २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. म्हणजे मिनिटं वाढवता येत नाहीत, वाढवायचा तो दरच. त्यासाठी महाएपिसोड, दोन मालिकांचा महासंगम, सिनेमाचा प्रीमियर. मालिकेच्या युनिटचे पगारही याच पैशातून निघतात, दादा.

इंदिरानगरकर
पगार निघायलाच हवेत. पण तीन तासांच्या सोहळ्यात ३६ मिनिटं जाहिराती बसतात ना? मग तो रविवारी दुपारी ठेवा, संध्याकाळ सोडा.

कॉलेज रोड
दुपारी तेवढा प्रेक्षकच नसतो. टीआरपीच्या मोजणीचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आकडे गुरुवारी येतात. सणाच्या आठवड्यात एक संध्याकाळ पडली तरी सरासरी खाली येते.

दिंडोरीची सून
ताई म्हणा, काकू म्हणा, पण माझंही ऐका. दिवाळी येते ती आमच्या द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात. छाटलेल्या काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावून घरी येईपर्यंत अंधार पडतो. हाताला पेस्टचा वास, स्वयंपाक व्हायचा असतो. साडेसातची मालिका मला कधीच वेळेवर मिळत नाही आणि दुपारी पुन्हा दाखवतात तेव्हा मी बागेत. रविवारचा दोन तासांचा महाएपिसोड हीच आमची एकत्र बसायची वेळ. सासूबाई, जावा, पोरं, सगळी. तो बंद करा म्हणू नका.

इंदिरानगरकर
ताई, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. रविवारचा महाएपिसोड मी माझ्या मागणीतून काढतो. तो आठ-दहा दिवस आधीपासून सांगतात, ठरल्या दिवशी दाखवतात. माझी तक्रार आयत्या वेळी हलवलेल्या मालिकेची आहे.

सातपूर सेकंड शिफ्ट
मोबाइलवर बघायला शिकवा आईंना. मी तीन ते अकरा कामावर असतो, सगळं ॲपवरच बघतो. एवढ्यासाठी वाहिन्यांनी गणित का बदलावं?

गोदाकाठ
सातपूरकर, इथे मी तुमच्या विरोधात. माझ्या वडिलांच्या हाताला कंप आहे, काचेवर बोट ठरत नाही. रिमोटचं एक बटण तेवढं त्यांना जमतं. आणि मोजणीचं म्हणाल तर देशभरात ५५ हजारांच्या वर घरांत कोण काय बघतं ते मोजणारे मीटर आहेत. घरातल्या प्रत्येकाने टीव्हीसमोर बसताना रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं असतं. सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना म्हातारं माणूस ते आठवणीने दाबत असेल? मला तर वाटतं, आपली माणसं त्या आकड्यात नेमकी याच आठवड्यात कमी पडतात.

कॉलेज रोड
हा मुद्दा मी खोडणार नाही. तरी सोहळा संध्याकाळीच राहणार, कारण खर्च तिथेच भरून निघतो. मात्र बदललेली वेळ आदल्या दिवशी मालिकेतच, मोठ्या अक्षरांत आणि बोलून सांगायला पैसा लागत नाही. स्वतःच्या कार्यक्रमांची ती २ मिनिटं आहेतच.

इंदिरानगरकर
बोलून सांगितलं तर माझी अर्धी तक्रार मिटली. एवढंच मी त्या वाहिनीला पत्राने कळवतो. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "साडेसातच्या आत सांगा म्हणावं."